हात हलला की पाऊल

"आठ हजार पावलांच्या वर!" जेवता जेवता मोरोपंतांनी डाव्या हातानं मोबाइल उचलला आणि सिंधूताईंच्या नाकासमोर धरला. "आणि अजून झाकपाक व्हायचीच आहे. आता बोल. काय म्हणत होतीस?"

सिंधूताई म्हणत होत्या ते एवढंच, की डावा पाय आता आपला वाटत नाही. कंबरेतून कळ निघते, मांडीत उतरते आणि गुडघ्याच्या खाली सगळं बधिर. काल अंगणात चप्पल पायातून निसटली तरी त्यांना पत्ता लागला नाही. तशाच तुळशीपर्यंत गेल्या, मागे वळल्या, तेव्हा पायरीशी उलटी पडलेली चप्पल दिसली. हे सगळं त्यांनी नवऱ्याला पोळी वाढता वाढता सांगितलं होतं, आणि एकदा नागपूरला दाखवून येऊ असंही म्हटलं होतं. त्यावर हा मोबाइल.

"अहो, पण मी दिवसभरात चाललीच कुठे? बसूनच तं करून राहिली सगळं."

"हे मी नाही म्हणत. यंत्र म्हणतं. यंत्राचं तुझ्याशी काही वैर आहे का?"

मोरोपंत म्हणजे अमरावतीच्या कोर्टातले जुने दिवाणी वकील. कोर्टात जाणं आता थांबलं होतं, पण कोर्टानं त्यांच्या अंगातून जायचं नाव घेतलं नव्हतं. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही, ही त्यांची जन्माची श्रद्धा. बायको पडली माणूस आणि मोबाइलवरचा आकडा पडला कागद, मग निकाल लागायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी ताकाची वाटी पुढे केली. सिंधूताई टेबलाची कड धरून उठल्या आणि ताक आणायला गेल्या.

ते दुष्ट होते असं कुणी म्हणणार नाही. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. मोरोपंतांशी भांडायला गेलं की ते हसून मुद्द्यांना क्रमांक घालत आणि तिसऱ्या मुद्द्यापर्यंत समोरचा माणूस आपण कशासाठी आलो होतो तेच विसरून जाई. सिंधूताई तर पहिल्याच मुद्द्याला गप्प होत. दर्यापूरच्या शाळामास्तरांची ही मुलगी वकिलाच्या घरात आली त्या दिवसापासून प्रतिवादीच होती.

घड्याळं आणली होती मुलानं. यशोधन पुण्याला असतो, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पाडव्याला सुनेसह आला आणि आईबापांच्या मनगटावर एकेक घड्याळ बांधून गेला. वेळ दाखवणं हे त्या घड्याळाचं सगळ्यात क्षुल्लक काम. ते झोप मोजतं, नाडी मोजतं आणि मुख्य म्हणजे पावलं मोजतं. मोजलेलं सगळं दोघांच्याही मोबाइलवर दिसतं आणि पुण्याला यशोधनलाही दिसतं. "आता तुम्ही दोघं कायम माझ्या डोळ्यांसमोर," असं तो म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याचे फोन कमी झाले. आकडे दिसत असताना फोन कशाला करायचा? हल्लीची मातृभक्ती अशी बॅटरीवर चालते.

घड्याळ बांधलं त्याच दिवशी एक धर्मसंकट उभं राहिलं. सिंधूताई देवाचा स्वयंपाक सोवळ्यात करत. सोवळ्यात चामडं चालत नाही, मग हा पट्टा चालतो का? मोरोपंतांनी पट्टा बोटांनी चाचपला, वास घेतला आणि निर्णय दिला की हे रबर आहे, रबर झाडापासून होतं, सबब हरकत नाही. ते रबर झाडाचं नव्हे, कारखान्यातलं होतं. पण निर्णयावर अपील करणार कोण?

खरं सांगायचं तर सिंधूताईंना ते घड्याळ आधी आवडलंही होतं. संध्याकाळच्या सुमाराला मनगटावर गुदगुल्या होत, बघावं तर इवल्याशा काचेवर फटाके उडत आणि 'शाबास!' अशी अक्षरं येत. त्या घरात त्यांना शाबास म्हणणारं ते पहिलंच होतं. पहिले काही दिवस त्या चक्क वाट बघत, आज कधी म्हणतंय म्हणून.

मोरोपंतांचं मात्र त्या घड्याळाशी जमेना. ते रोज पहाटे कॅम्पातल्या मैदानाला फेऱ्या मारत. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले, मान किंचित पुढे, जणू न्यायाधीश अजून यायचेत आणि तोवर वऱ्हांड्यात शतपावली चालली आहे. घाम गाळून घरी यावं आणि बघावं तर आकडा बायकोच्या निम्म्यानेही नाही. वर यशोधनचा निरोप, 'बाबा, आईकडून शिका जरा!' हा निरोप त्यांना फार झोंबला. मोरोपंतांनी तो कुणाला दाखवला नाही, पण तेव्हापासून सिंधूताईंनी पाय दुखतो म्हणायची खोटी, की ते आधी चष्मा शोधत आणि मग मोबाइल.

आषाढात एकदा सिंधूताईंच्या फार मिनतवारीनं ते त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. अमरावतीतच, नाव घेण्यात अर्थ नाही. डॉक्टर तरुण होता, बाहेर गर्दी होती. त्यानं विचारलं, "काकू, चालणं किती होतं दिवसाला?"

सिंधूताईंनी तोंड उघडलं. त्या सांगणार होत्या की स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरावी लागते, मध्ये एकदा थांबावं लागतं. पण त्याआधीच मोरोपंतांनी मोबाइल डॉक्टरच्या टेबलावर सरकवला. "पाडव्यापासूनचं सगळं आहे. बघून घ्या."

डॉक्टरनं बोटानं आकडे वर-खाली केले आणि तो हसला. "काकू, माझे तीन हजार होत नाहीत हो! या वयात हे म्हणजे कमालच आहे."

"नाही, पण तो पाय बधिर—"

"वयानं थोडंफार होतंच. कॅल्शियम लिहून देतो. चालणं अजिबात बंद करू नका, त्यावरच तुम्ही ठणठणीत आहात."

त्यानं त्यांना तपासायच्या पलंगावर झोपवलंदेखील नाही. पाय तपासतील म्हणून सिंधूताई सकाळी टाचा घासून गेल्या होत्या, जुन्या परकराऐवजी नवा नेसून गेल्या होत्या. त्या पदर सावरून उठल्या. दारापर्यंत जाताना त्यांनी खुर्ची धरली, मग टेबल, मग दाराची चौकट. डॉक्टर तोवर पुढच्या माणसाचा एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होता.

"फी वाया," रिक्षात बसल्यावर मोरोपंत म्हणाले. आकड्यापुढे सिंधूताईंनाही क्षणभर वाटून गेलं होतं, की आपलंच चुकत असेल. आपणच कांगावा करत असू. जन्मभर दुसऱ्यानं सांगितलेलं खरं मानायची सवय लागली, की आपल्या पायाचंही खरं वाटेनासं होतं.

मग श्रावणातला शुक्रवार आला. जिवतीच्या पूजेसाठी पुरण शिजलं होतं आणि सिंधूताई खुर्चीत बसून पुरणयंत्राचा दांडा फिरवत होत्या. पाय समोर स्टुलावर. मागे मोरीत चतुराबाई भांडी घासत होती. ही मूळची वलगावची, बारा वर्षं या घरात भांडी घासते. जिभेला हाड नाही आणि मनात किल्मिष नाही. सिंधूताईंच्या मनगटावर घड्याळ गुरगुरलं आणि फटाके उडाले.

"काय वाजलं वो बाई?"

"घड्याळ. शाबास म्हणतं."

"काहून? काय केलं तुमी?"

"चालली म्हणे मी."

चतुराबाई हातातली कढई घेऊन तशीच दारात आली. सिंधूताईंना तिनं वरून खाली पाहिलं, स्टुलावरच्या पायाकडे पाहिलं आणि कढई खाली ठेवली. "अवो, घंटाभरापासून बुड हाललं नाई तुमचं खुर्चीवरून, अन् चालल्या कवा? मले तं हे घड्याळ येडं दिसते. नाई तं वकीलसायबाच्या पार्टीचं असन."

चतुराबाई हसत मोरीकडे गेली. सिंधूताई हसल्या नाहीत. त्यांनी दांडा पुन्हा फिरवायला घेतला, या खेपेला डोळे घड्याळावर ठेवून. आकडा पळत होता. त्या थांबल्या की तो थांबे, त्या फिरवू लागल्या की तो पळे. मग त्या उठल्या. घड्याळाचा उजवा हात भिंतीला टेकवून, पाय ओढत, त्या स्वयंपाकघरातून बैठकीत गेल्या, बैठकीतून पुढच्या दारापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. घामानं कपाळाचं कुंकू ओघळलं. आकडा होता तिथेच होता. भिंतीला टेकलेला हात हललाच नव्हता, तर घड्याळाला पाय हललेले कळणार कसे?

म्हणजे चाललं तर मोजत नाही आणि बसलं तर मोजतं. कणीक तिंबली, ताक घुसळलं, पोळ्या लाटल्या की त्या बारा गावं हिंडून आल्या. आणि जीव मुठीत धरून न्हाणीघर गाठलं की त्या जागच्या हलल्याच नाहीत. सिंधूताई खुर्चीत बसल्या आणि त्यांना इतका संताप आला की पुरण थंड होऊन घट्ट झालं तरी त्यांचा हात दांड्याकडे गेला नाही.

दोन दिवस त्या मोरोपंतांना सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होत्या. पण रविवारी मोरोपंतांनीच निमित्त पुरवलं. त्या दिवशी त्यांनी हट्टानं मैदानाला जास्त फेऱ्या मारल्या होत्या, आणि आकडा नेहमीसारखाच मेलेला. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी यशोधनला फोन लावला, तोही स्पीकरवर, कारण अन्याय झाला की तो चारचौघांना ऐकू गेला पाहिजे.

"तुझं हे घड्याळ भिकार आहे! दुकानदाराला नोटीस देऊन राहिलो मी. आज सहा फेऱ्या झाल्या, भगवंत देशपांडे साक्षीला आहे, आणि हे म्हणतं मी घरातच बसून होतो!"

"बाबा, बाबा, ऐका ना," तिकडून यशोधन हसत म्हणाला. "घड्याळ नीट आहे. तुम्ही हात मागे बांधून चालता ना? म्हणून ते मोजत नाही. ते मनगटावर आहे, त्याला पाय थोडेच दिसतात! हात हलला की पाऊल, असा त्याचा हिशोब. हात मोकळे सोडून चाला, बघा कसं मोजतं."

"म्हणजे आजवरचे माझे आकडे सगळे चुकीचे?"

"अर्थात. तुम्ही त्यापेक्षा कितीतरी जास्त चालला असणार."

मोरोपंतांच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या दाव्याचं तेज आलं. सिंधूताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी चौकट धरली आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "यशोधन, मग माझं काय?"

"तुझं काय, आई?"

"मी बसल्या बसल्या पुरण वाटते, तं ते पावलं मोजते. आणि भिंत धरून चालली तं मोजत नाही. हात हलला की पाऊल म्हणतोस ना?"

"थोडंफार इकडेतिकडे होतं गं, आई," यशोधन म्हणाला. "पण रोजचे आठ हजार काही खोटे नसतात."

आपलं ठेवायचं झाकून ही म्हण ऐकलेली असते सगळ्यांनी, पण इतकी घडीव क्वचितच बघायला मिळते. घड्याळ एकच, हिशोब एकच, बिघाड एकच. नवऱ्याच्या मनगटावर ते खोटारडं ठरलं आणि बायकोच्या मनगटावर सत्यवचनी. आणि हा निवाडा दिला पोटच्या पोरानं, तोही हसत हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताईंनी मोरोपंतांना स्वयंपाकघरात बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा बोलावलं असेल. ते पेपर हातात घेऊनच आले. सिंधूताई खुर्चीत बसल्या होत्या, समोर रिकामं पुरणयंत्र.

"मोबाइल आणला? बघत राहा." आणि त्यांनी दांडा फिरवायला सुरुवात केली. पुरण नाही, काही नाही, रिकामं भांडं खडखडत होतं. "आता हातच्या काकणाला आरसा कशाला? मी उठली का खुर्चीवरून? पडून राहिली ना पावलं?"

मोरोपंत बघत राहिले. आकडा वाढत होता हे त्यांना दिसत होतं, नाकारता येत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सिंधूताईंचा दंड भरून आला तरी त्या थांबल्या नाहीत. आता हा माणूस म्हणेल, चुकलं माझं. निदान म्हणेल, उद्या नागपूरला जाऊ. एवढंच हवं होतं त्यांना, दुसरं काही नको होतं.

"म्हणजे," मोरोपंत सावकाश म्हणाले, "पाडव्यापासून तू आम्हाला खोटे आकडे दाखवून राहिली?"

सिंधूताईंचा हात थांबला.

"डॉक्टरसमोर मी ते आकडे ठेवले. माझ्या शब्दावर ठेवले. उद्या त्याला कळलं असतं तं माझी काय किंमत राहिली असती?"

"मी दाखवले? मी तं ओरडून सांगून राहिली होती का मी चालत नाही म्हणून!"

"ते तोंडी."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. सिंधूताईंनी पुरणयंत्र बाजूला सारलं. "बरं. माझा गुन्हा. मग आता नागपूरला दाखवायचं का नाही?"

"महालक्ष्म्या तोंडावर आल्या. त्या होऊ दे, मग पाहू."

"मग महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला तरी एखादी बाई सांगा. मला उभं राहवत नाही."

"सोवळ्यात बाहेरची बाई?" मोरोपंत दारात वळले. "या घरात महालक्ष्म्यांचा नैवेद्य घरच्या बाईच्या हातचा होतो. आईनं केला, तिच्या सासूनं केला. एका दिवसाचा तं प्रश्न आहे."

त्या दुपारी सिंधूताईंनी घड्याळ काढून फडताळात ठेवून दिलं. तासाभरात यशोधनचा फोन आला, आई, घड्याळ का काढलंस, बरी आहेस ना? कामाच्या वारी मुलानं आपणहून फोन केला होता. त्यांनी ते परत बांधलं. आणि रात्री जेवताना मोरोपंतांनी मोबाइल उचलला. "यातले निम्मे खोटे धरले," ते म्हणाले, "तरी चार हजार उरतात. चार हजार काही थोडे नाहीत." सिंधूताईंनी त्यांच्या पानात पोळी टाकली. ठेवली नाही, टाकली.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. यशोधन आणि सून देवश्री आदल्या दिवशी पुण्याहून आले. देवश्री मनाची वाईट नव्हती, पण तिला सोवळं नेसता येत नव्हतं आणि शिकवायला सिंधूताईंकडे पाय नव्हता. चतुराबाईला त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायची बंदी. ती मागच्या अंगणात नारळ सोलत, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशी बडबडत होती. "एकटी बाई मरून राहिली आत, अन् बाकीचे टीव्ही पाहून राहिले. देवीले दिसत नाई का हे?"

आत सिंधूताई उंच स्टुलावर बसून एकटीनं सगळं करत होत्या. आंबील, सोळा भाज्या, पडवळाची कढी, वड्या, भजी, आणि मग पोळ्या. एक पाय जमिनीवर होता आणि एक पाय असून नसल्यासारखा. पोळ्यांची चळत वाढत होती तसं मनगटावर घड्याळ सारखं गुरगुरत होतं. बैठकीत मोरोपंत पाहुण्यांना मोबाइल दाखवत होते. "बघा, सकाळपासूनचा हा आकडा. आणि म्हणे पाय चालत नाही!" पाहुणे हसले. ते सिंधूताईंना आत ऐकू आलं.

आरती झाली. पानं मांडली गेली, रांगोळ्या झाल्या. आणि पंगत बसायच्या वेळेला अकोल्याहून निघालेल्या मोरोपंतांच्या बहिणीचा, गोदाअक्कांचा फोन आला. त्या दरवर्षी सवाष्ण म्हणून येत. यंदा निम्म्या वाटेवर आल्या तोच त्यांच्या सासरच्या भाऊबंदात कुणी तरी गेल्याची बातमी आली. सुतक लागलं. येणं होत नाही.

झालं! सवाष्णीचं एक पान रिकामं. आणि मांडलेलं पान रिकामं ठेवायचं म्हणजे अपशकुन. घरोघरी महालक्ष्म्या, अशा वेळी उपाशी सवाष्ण आणायची कुठून? देवश्रीला बसवावं तर तिनं सकाळीच चहा-पोहे घेतलेले. मोरोपंत बैठकीत येरझाऱ्या घालू लागले, हात पाठीमागे. पूजा सांगणारे गुरुजी भुकेनं कळवळून घड्याळाकडे बघत होते. बाकीच्या सवाष्णी आपापल्या पाटांवर बसून होत्या.

स्वयंपाकघराच्या दारातून सिंधूताई आल्या. हातात वाढायचं भांडं नव्हतं. उजवा हात भिंतीवर, डाव्या हातात सोवळ्याच्या निऱ्या. आधी भिंत, मग कपाट, मग खिडकीचा गज धरत त्या रिकाम्या पाटापर्यंत आल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली बसल्या.

"अगं, हे काय?" मोरोपंत म्हणाले. "तू इथे कुठे? वाढणार कोण?"

"सवाष्ण पाहिजे ना तुम्हाला? मी सकाळपासून उपाशी आहे."

"घरची बाई कधी सवाष्ण म्हणून बसते का?"

"नाही बसत असं कुठे लिहिलं आहे? दाखवा कागद." सिंधूताईंनी नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं. "तुम्ही उभे आहात ना समोर, धडधाकट? मग मी सवाष्णच."

मोरोपंतांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी पाहिलं दारातून दिसणाऱ्या पोळ्यांच्या चळतीकडे. "चालतं, वकीलसाहेब," ते घाईघाईनं म्हणाले. "सौभाग्यवती आहे, उपाशी आहे, आणखी काय पाहिजे? पाय धुवा आणि सुरू करा. वेळ चालली."

सवाष्णींचे पाय धुवायचे म्हणजे घरच्या बाईनं धुवायचे आणि यजमानानं पाणी घालायचं, अशी त्या घरची रीत. घरची बाई पाटावर बसली म्हणून देवश्री परात घेऊन खाली बसली. मोरोपंतांनी तांब्या घेतला. एकेकीचे पाय परातीत आले, पाणी पडलं, पाय पुसले गेले, हळदकुंकू लागलं. मोरोपंत कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हते. मनातल्या मनात ते मुद्दे काढत होते. पंगत उठल्यावर या बाईला काय काय सुनवायचं, पहिलं काय आणि दुसरं काय.

शेवटी परात सिंधूताईंसमोर आली. त्यांनी उजवा पाय स्वतः परातीत ठेवला. डावा दोन्ही हातांनी उचलून ठेवला.

देवश्रीचा हात थांबला. "आई, हे कधी भाजलं?"

"कुठे?"

"अहो, हे काय! पायावर."

सिंधूताई वाकल्या. डाव्या पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, तळहाताएवढी कातडी पांढरी पडून सुटली होती. फोड येऊन फुटलाही होता. त्यांनी तो पाय असा पाहिला जसा शेजारणीचा पाहावा. मग त्यांना आठवलं. सकाळी आंबील उतरवताना पातेलं कलंडलं होतं. रटरटती आंबील ओट्यावर सांडली, खाली सांडली. त्यांनी ओटा पुसला, फरशी पुसली. पायाकडे पाहायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"आंबील असेल," त्या म्हणाल्या.

देवश्रीनं फुटलेल्या कातडीला बोट लावलं आणि वर सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच हललं नाही. यशोधन सोफ्यावरून उठून जवळ आला होता. तो वाकून बघत राहिला.

"आग होत नाही?" मोरोपंतांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटला नाही. उत्तर आधीपासून ठाऊक नसलेला प्रश्न त्यांनी बायकोला आजवर कधी विचारलाच नसेल.

"तेच तं सांगून राहिली मी," सिंधूताई म्हणाल्या. "पाडव्यापासून."

मोरोपंत तांब्या धरून तसेच वाकून राहिले. मनात मांडलेल्या मुद्द्यांतला पहिला कोणता तेच ते विसरले होते. सवाष्णी एकमेकींकडे बघत होत्या. आतल्या खोलीत पोळ्या निवत होत्या आणि आज त्या वाढायला घरात कुणीच नव्हतं.

"पाणी टाका," सिंधूताई म्हणाल्या. "पंगत खोळंबली आहे."

मोरोपंतांनी तांब्या कलता केला. पाणी डाव्या पायावर पडलं. पडलं, हे सिंधूताईंना बघून कळलं.